न उडालेल्या काडतुसांची वही

डिसेंबरातल्या एका सकाळी, इंदूरजवळच्या एका रेंजवर, राज्यस्तरीय स्पर्धेच्या सातव्या गोळीला माझ्या रायफलीने नुसते ‘टक्’ केले. चाप नेहमीच्या जागी सुटला होता, श्वास धरलेला होता, दर्शकातल्या वर्तुळात काळा ठिपका नीट बसलेला होता; फक्त बार उडाला नाही. पन्नास मीटरच्या पालथे पडून मारण्याच्या प्रकारात साठ गोळ्यांसाठी पन्नास मिनिटे असतात, त्यामुळे एक काडतूस न उडाल्याने वेळेचे गणित कोसळत नाही. कोसळते ते दुसरेच. त्यानंतरच्या प्रत्येक गोळीला चाप ओढताना बोट नकळत थबकते, आणि दशांशात मोजल्या जाणाऱ्या गुणांच्या खेळात ते थबकणे लगेच उमटते. त्या दिवशी आणखी दोन काडतुसे तशीच निघाली आणि मी माझ्या नेहमीच्या गुणांच्या पुष्कळ खाली राहिले.

त्या तीन काडतुसांमागचे कारण शोधायला मला जवळजवळ तीन महिने लागले. त्या काळात मी जे केले, जे चुकीचे गृहीत धरले आणि शेवटी जे हाती लागले, ते मी क्रमाने लिहीत आहे, कारण पॉइंट टू-टू (म्हणजे ०.२२ इंची) रायफल चालवणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेक खेळाडूंना हा प्रसंग कधी ना कधी येतो, आणि अशा वेळी आपण सगळेच सर्वांत आधी काडतुसाच्या डबीला दोष देऊन मोकळे होतो.

मीही तेच केले. त्या डब्या नव्या लॉटच्या, म्हणजे कारखान्यात एका खेपेला बनलेल्या नव्या गटाच्या होत्या, शेजारच्या लेनवरच्या दोघांनी “लॉट खराब असणार” असे म्हटले, आणि मला ते पटले. स्पर्धेच्या दर्जाची काडतुसे आपल्याकडे बहुतांशी बाहेरून येतात, महाग असतात, परवान्यावर त्यांची नोंद असते, आणि एखादा लॉट रायफलीला मानवला नाही म्हणून दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन दुसरा आणता येत नाही. म्हणूनच लॉट खराब ठरवण्याआधी खात्री करणे आवश्यक होते, आणि तेवढा विचार मी सुरुवातीला केला नाही. पुढच्या दोन रविवारी जुन्या, चांगल्या ठरलेल्या लॉटची काडतुसे वापरली. त्यांतलीही चार उडाली नाहीत. तेव्हा मात्र मी आमच्या वसाहतीतल्या काकांना विचारायचे ठरवले. काका फौजेत आर्मरर, म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारे होते, बरीच वर्षे महूला काढली, आणि निवृत्तीनंतरही हत्याराविषयी बोलताना त्यांचा आवाज हळू आणि नेमका होतो.

काकांनी पहिला प्रश्न विचारला तो काडतुसांविषयी नव्हता. “टक् झाल्यावर तू काय केलंस?” मी सांगितले की नळी लक्ष्याच्या दिशेलाच ठेवली, हात वर करून रेंज अधिकाऱ्यांना बोलावले, आणि तीस सेकंद थांबून मगच बोल्ट, म्हणजे काडतुसामागचा सरकता खटका, उघडला. त्यांनी मान हलवली. हे तीस सेकंद केवळ शिस्तीचा भाग नाहीत. क्वचित प्रसंगी ठिणगी पडते, पण दारू उशिरा पेटते, आणि घाईने बोल्ट उघडणाऱ्याच्या चेहऱ्यासमोर ती पितळी पुंगळी फुटू शकते. दुसरी गोष्ट त्यांनी बजावून सांगितली: एखाद्या गोळीचा आवाज नेहमीपेक्षा फिका आला, तर पुढचे काडतूस भरायचेच नाही, रायफल रिकामी करून नळीत सळई घालून पाहायचे. दारू अर्धवट पेटली तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते, आणि तिच्यामागून दुसरी सोडणे म्हणजे नळी फोडणे. माझ्याबाबतीत असे एकदाही झाले नाही, परंतु पुढे तीन महिने प्रत्येक आवाज मी कान देऊन ऐकला.

मग ते म्हणाले, “न उडालेली काडतुसं कुठं आहेत? मला ती दाखव. डबीवरचं नाव नको.”

ती रेंजच्या शस्त्रागारात, न उडालेल्या काडतुसांसाठी ठेवलेल्या वेगळ्या डब्यात, मोजून जमा होती. पुढच्या रविवारी काका माझ्याबरोबर रेंजवर आले. खिशातून त्यांनी घड्याळजीचे भिंग काढले आणि सातही काडतुसे पांढऱ्या रुमालावर ओळीने मांडली. प्रत्येकाच्या कडेवर, चाप सुटल्यावर बोल्टातून पुढे आदळणाऱ्या पिनेच्या घावाची आयताकृती खाच होती. उघड्या डोळ्यांना सगळ्या खाचा सारख्याच वाटत होत्या. भिंगाखाली पाहिले तेव्हा सहा खाचा उथळ दिसल्या, नखाने दाबल्यासारख्या, काठ गोलसर. आणि एक खाच खोल, काठ धारदार, जणू छिन्नीने मारलेली. मी शेजारी उडालेल्या काडतुसाची एक पुंगळी ठेवली. तिची खाच त्या सातव्यासारखीच खोल होती.

“हे एक कारखान्याचं,” काका सातव्याकडे बोट दाखवत म्हणाले. “ही सहा तुझी.”

हे वाक्य नीट समजण्यासाठी या काडतुसाची रचना ठाऊक असावी लागते. मोठ्या रायफलींच्या काडतुसांत बुडाच्या मध्यभागी एक छोटी टोपी बसवलेली असते. तिला प्रायमर म्हणतात; तिच्यात ठिणगी देणारे रसायन असते आणि आत एक बारीकशी ऐरण असते. पिनेने टोपीवर घाव घातला की रसायन ऐरणीवर चिरडले जाते आणि पेटते. पॉइंट टू-टूच्या काडतुसात अशी वेगळी टोपी नसते. पितळी पुंगळीच्या बुडाशी जी दुमडलेली कडा दिसते, ती आतून पोकळ असते. कारखान्यात रसायनाचा ओला लगदा पुंगळीत टाकून ती अतिशय वेगाने फिरवतात. लगदा बाहेरच्या बाजूला फेकला जाऊन त्या पोकळ कडेत गोलाकार पसरतो आणि तिथेच वाळतो. फ्रान्समधल्या फ्लोबेर याने १८४५च्या सुमारास या जातीचे पहिले काडतूस केले, आणि आपण आज वापरतो ते पॉइंट टू-टू लाँग रायफल १८८७चे आहे. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षे ही रचना मुळात तशीच आहे. लगदा पसरताना एखाद्या ठिकाणी जागा मोकळी राहिली आणि पिनेचा घाव नेमका तिथे बसला, तर घाव कितीही जोरदार असो, पेटायला तिथे काही नसतेच. खोल खाच पडूनही न उडालेल्या त्या सातव्या काडतुसाचे हेच झाले असावे, हा काकांचा तर्क होता. रेंज अधिकाऱ्यांच्या परवानगीने ते काडतूस अर्धे फिरवून पुन्हा चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या पोकळीत घातले, म्हणजे घाव कडेच्या समोरच्या बाजूला पडेल. ते पहिल्याच घावाला उडाले.

उरलेल्या सहांचा प्रश्न निराळा होता. या काडतुसाच्या आत ऐरण नाही, मग कडा चिरडली जाते ती कशावर? ती चिरडली जाते चेंबरच्या तोंडाच्या पोलादी काठावर. काडतूस आत गेले की त्याची कडा त्या काठावर टेकते. मागून पिनेचा घाव येतो. मधल्या एक मिलिमीटरभर जाडीच्या कडेत रसायन सापडते आणि पेटते. म्हणजे पिन हा घण, आणि चेंबरचा काठ ही ऐरण. खाच उथळ असेल तर दोनच शक्यता राहतात: घण हलका पडला, किंवा ऐरण जागेवर नव्हती.

इथून पुढे माझी वही सुरू झाली. काकांनी एकच अट घातली होती, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी लांब उभे रकाने आखले: तारीख, सकाळचे तापमान, कितवी गोळी, नळी साफ केल्यापासून किती गोळ्या झाल्या, लॉट, खाच कशी, आणि बाहेर न काढता पुन्हा घाव घातल्यावर उडाले की नाही. त्याआधी मी काडतुसांचा हिशेब चुकता केला. ज्या लॉटला सगळे नावे ठेवत होते, त्याची पन्नास काडतुसे रेंजवरच्या एका दादाने, रेंज अधिकाऱ्यांच्या नोंदीखाली, त्याच्या रायफलीतून मारली. पन्नासच्या पन्नास उडाली. लॉटवरचा आळ तिथेच फिटला, आणि मी त्या डब्या फेकून दिल्या नाहीत याचे मला खरोखर समाधान वाटले.

चार आठवड्यांत साधारण सहाशे गोळ्या झाल्या आणि वहीत उथळ खाचेची एकोणीस काडतुसे जमली. पहिल्या दोन आठवड्यांत मला त्यांत काहीच आकार दिसत नव्हता. मग एका संध्याकाळी मी त्या नोंदी दोन रंगांच्या पेनांनी पुन्हा लिहून काढल्या, तेव्हा लक्षात आले की एकोणीस काडतुसे ढोबळमानाने दोन गटांत पडतात. एक गट होता अगदी पहिल्या दहा-बारा गोळ्यांमधला, आणि तोही तापमान दहा अंशांच्या आसपास असलेल्या सकाळीच; दुपारच्या सरावात त्यातले एकही नव्हते. दुसरा गट तापमानाला विचारत नव्हता. तो नळी साफ केल्यानंतर साधारण दोनशे गोळ्या झाल्या की सुरू होत होता, आणि त्यातले जवळजवळ प्रत्येक काडतूस, बाहेर न काढता पुन्हा घाव घातला की उडत होते. म्हणजे मी इतके दिवस ज्याला एक रोग समजत होते, ते दोन रोग होते, आणि दोन्हींचे बाहेरचे लक्षण एकच होते.

दुसऱ्या गटाचे कोडे मला माझ्या भाच्याने सोडवून दिले. तो टेक्सासला असतो आणि तिकडच्या रिवाजाप्रमाणे मोठ्या रायफलीची काडतुसे स्वतः घरी भरतो. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतुसे बनवता येत नाहीत. १९५९च्या शस्त्र अधिनियमात बनवणे आणि दुरुस्ती या दोन्हींसाठी परवाना लागतो, आणि पॉइंट टू-टूचे काडतूस तर कुठेच पुन्हा भरता येत नाही, कारण त्याची कडा एकदा चिरडली की संपली. त्यामुळे त्याच्या छंदाचा मला उपयोग होईल असे वाटले नव्हते. फोनवर सहज विषय निघाला. मी म्हटले, “पहिल्या घावाला उडत नाही, दुसऱ्याला उडतं.” तो लगेच म्हणाला, “मावशी, आमच्याकडे हे नेहमीचंच आहे. प्रायमर त्याच्या खोबणीत पूर्ण खाली बसला नसेल ना, तर पहिला घाव त्याला खाली ढकलण्यातच खर्ची पडतो. दुसऱ्या घावाला तो बसलेला असतो, म्हणून उडतो. म्हणून मी प्रत्येक प्रायमर बोट फिरवून बघतो, तो बुडाच्या पातळीच्या किंचित खालीच लागला पाहिजे.” त्याच्याकडे खोबणीत साचलेली जुनी राख हे याचे एक नेहमीचे कारण असते, त्यामुळे तो ती खोबणी खरवडून साफ केल्याशिवाय नवा प्रायमर बसवत नाही.

माझ्या काडतुसाला खोबणी नाही, प्रायमर नाही. पण घावाची ताकद ढकलण्यात खर्च होणे, हे तर्कशास्त्र तेच होते. मग माझ्या रायफलीत काय ढकलले जात होते? संपूर्ण काडतूसच. स्पर्धेच्या रायफलीचे चेंबर मुद्दाम तंग ठेवलेले असते. गोळी नळीच्या आतल्या पिळदार सरींना थोडी रुतूनच बसते. चेंबर संपून सरी सुरू होतात त्या जागी दर गोळीबरोबर थोडी काजळी, थोडे शिसे आणि गोळीवरचे मेण साचत जाते आणि त्याचे कडक वलय तयार होते. ते वलय दाट झाले की नवे काडतूस केसभर अलीकडेच थांबते. बोल्ट बंद होतो, कारण बोल्टाचे तोंड आणि चेंबरचा काठ यांच्यात तेवढी फट असतेच. पण कडा ऐरणीवर टेकलेली नसते. पहिला घाव काडतुसाला आत सारतो आणि कडेवर नखाने दाबल्यासारखी उथळ खाच ठेवतो. दुसऱ्या घावाला कडा काठावर टेकलेली असते, म्हणून ते उडते. आता मला आठवले की त्या गोळ्यांना बोल्टाची मूठ खाली नेताना शेवटच्या टप्प्यात किंचित जड लागत असे. हाताला ते कळले होते, पण मी ते कधी वहीत मांडले नव्हते. तो रकाना मी त्याच रात्री वाढवला.

वलय पाहणे सोपे नसते. काकांच्या सांगण्यावरून मी चेंबरमध्ये बारीक दिव्याचा प्रकाश टाकला आणि नळीत भिंगातून पाहिले, तेव्हा चकचकीत पोलादात एक मंद, तपकिरी-करडी पट्टी दिसली, जणू चहाच्या भांड्यात आटलेल्या चहाची रेघ. मी नळी दर वेळी साफ करत होते, पण कापडाच्या ओल्या चिंध्या ओढून. त्या चिंध्या वलयावरून सरकून जात होत्या. यासाठी चेंबरच्या बाजूने, सळईला वाट दाखवणारी नळी लावून, कांस्याच्या तारांचा ब्रश आणि काजळी विरघळवणारा द्रव वापरावा लागतो, आणि घाई करून चालत नाही. द्रव लावून पंधरा मिनिटे ठेवायचे, ब्रश फक्त त्या जागी हळूहळू फिरवायचा, कोरड्या चिंधीने पुसायचे, पुन्हा पाहायचे. मला हे पाच वेळा करावे लागले. पहिल्या चार चिंध्या काळ्या निघाल्या, पाचव्या चिंधीवर फक्त करडी छटा उरली. नळीच्या तोंडाकडून सळई कधीही घालू नये, कारण तोंडाच्या काठाला एवढासा ओरखडा गेला तरी गोळी बाहेर पडताना तिला असमान धक्का बसतो. हे काकांनी मला इतक्या वेळा सांगितले की ते आता मी झोपेतही सांगेन.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. या चिंध्यांवर आणि बोटांवर शिसे असते. गोळी शिशाची असते आणि ठिणगीच्या रसायनातही बहुधा शिशाचेच संयुग असते. साफसफाई झाल्यावर, आणि सरावानंतरही, साबण आणि गार पाण्याने हात धुतल्याशिवाय मी आता पोह्यांच्या डब्याला हात लावत नाही, आणि रेंजचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळत नाही. लहान मुले असलेल्या घरात तर हे अगदी काटेकोर पाळायला हवे.

वलय काढल्यानंतरच्या तीनशे गोळ्यांत दुसऱ्या गटातले एकही काडतूस राहिले नाही. पहिला गट मात्र तसाच होता. थंड सकाळ, पहिल्या काही गोळ्या, उथळ खाच. आता शंका घणावर होती.

बोल्ट उघडून साफ करणे हे रायफलीच्या पुस्तिकेतच दिलेले असते आणि ते मालकाचे कामच आहे. पण इतक्या वर्षांत मी बोल्टाच्या आतली पिन आणि स्प्रिंग बाहेर काढून पाहिलेली नव्हती. काकांनी स्वतः हात लावला नाही. समोर बसून ते सांगत गेले आणि मी करत गेले. “ट्रिगरला मात्र तूही हात लावायचा नाहीस, मीही नाही. ते परवानाधारक कारागिराचं काम,” हे त्यांनी दोनदा म्हटले. पांढऱ्या कापडावर स्प्रिंग बाहेर आली तेव्हा तिच्या वेढ्यांमध्ये मधासारखा पिवळसर, चिकट थर होता. नखाने ओढला तर तार सुटावी तसा ताणला जात होता. ते तेल होते, आणि ते मीच घातले होते. इंदूरच्या पावसाळ्यात जुलै-ऑगस्टमध्ये भिंतींना ओल येते, कपाटातल्या लोखंडावर गंज चढायला चार दिवस पुरतात. त्या धास्तीने मी दर आठवड्याला बोल्टात तेलाचे थेंब सोडत होते, आणि जुने पुसून न काढता त्यावर नवे सोडत होते. गरम दिवसांत ते तेल पातळ राहत असल्याने काही बिघडत नव्हते. दहा अंशांवर ते घट्ट होत होते आणि पिनेला पुढे झेपावताना मागे धरून ठेवत होते. आठ-दहा गोळ्या झाल्या की बोल्ट गरम होई, तेल सैल पडे, आणि दोष आपोआप नाहीसा होई. म्हणून दुपारी कधीच काही सापडत नव्हते.

स्प्रिंग, पिन आणि बोल्टाची आतली पोकळी मी पूर्ण कोरडी केली, आणि तेल लावले ते बोटाच्या टोकाला लागलेला अंश पिनेवर पुसण्यापुरते. गंजासाठी आता मी कपाटात ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवते आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बोल्ट उघडून जुने तेल पुसून काढते. पिनेचे टोकही भिंगाखाली पाहिले. ते झिजले किंवा तुटले असते तर खाचेचा आकारच वाकडा दिसला असता. माझ्या पिनेचे टोक सरळ होते. रिकाम्या चेंबरवर चाप ओढण्याचा सराव मी नेहमी त्यासाठीच्या वेगळ्या पिनेने करते, त्याचा हा फायदा असावा. खरी पिन लावून रिकामा चाप ओढत राहिले तर पिन चेंबरच्या काठावर आपटून ऐरणीलाच खड्डा पाडते, आणि तो दोष साफसफाईने जात नाही.

यानंतरच्या दोन थंड सकाळी सगळी काडतुसे उडाली. तिसऱ्या सकाळी एक राहिले, आणि त्याची खाच पूर्वीइतकी उथळ नसली तरी खोलही नव्हती. मी निराश झाले होते, हे मान्य करते. काका मात्र शांत होते. त्यांनी मला रायफलीचे वय विचारले. मी ती एका ज्येष्ठ खेळाडूकडून घेतली होती आणि तिची स्प्रिंग कधी बदलल्याची नोंद कुठेच नव्हती. परवानाधारक कारागिराने मूळ बनावटीची नवी स्प्रिंग मागवली. ती यायला महिना लागला. जुनी आणि नवी शेजारी उभ्या केल्या तेव्हा जुनी जवळजवळ चार मिलिमीटरने बुटकी होती. कारागिराने बोल्टाचे तोंड आणि चेंबर यांच्यातले अंतरही मापून पाहिले आणि ते योग्य असल्याचे सांगितले.

आता मी त्या गोष्टीकडे येते जी मला या सगळ्या शोधात सर्वांत महत्त्वाची वाटते. नवी स्प्रिंग बसवल्यावर मी जुन्या लक्ष्यांचे छापील कागद काढून पाहिले. पन्नास मीटरवर दहाचे वर्तुळ जेमतेम साडेदहा मिलिमीटरचे असते. जून-जुलैपासूनच माझ्या गोळ्यांचा पुंजका उभा लांबट होत चालला होता. डावी-उजवीकडे त्या नीट होत्या, पण दर दहांत दोन-तीन गोळ्या सरळ खाली नऊच्या पट्टीत उतरत होत्या. मी ते श्वासावर ढकलले होते. प्रशिक्षकांनी माझी कोपराची जागा दोनदा बदलायला लावली होती. खरे कारण असे होते की हलक्या घावाने रसायन पेटते, पण प्रत्येक वेळी सारखे पेटत नाही. त्यामुळे दारूही कधी जोरात, कधी मंद जळते, गोळीचा वेग कमी-जास्त होतो, आणि मंद सुटलेली गोळी पन्नास मीटर जाईपर्यंत अधिक खाली उतरते. काडतूस न उडणे हे या आजाराचे शेवटचे लक्षण होते. पहिले लक्षण सहा महिने माझ्यासमोर कागदावर पडलेले होते, आणि मी ते स्वतःच्या शरीरात शोधत होते. पुंजका उभा लांबला, वारा नाही, आणि खांद्यात काही बदल नाही, तर आपल्या खेळाडूंनी आसन मोडण्याआधी पाच पुंगळ्या उचलून त्यांच्या खाचा भिंगाखाली पाहाव्यात, असे मी आता कोणालाही कळकळीने सांगते. त्याला दोन मिनिटे लागतात.

मराठी माणसाला या खेळाचे वेगळे अप्रूप असायला हवे असे मला नेहमी वाटते. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली ती लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळणकर यांच्या पुढाकाराने, आणि त्यांचा जन्म आमच्या शेजारच्या वडोदऱ्याचा, १८८८चा. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला याच पालथे पडून मारण्याच्या प्रकारात जगज्जेतेपद मिळवले; स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला पन्नास मीटरच्या तीन आसनांच्या प्रकारात ऑलिंपिक कांस्यपदक आणले. आसन, श्वास, मन याविषयी आपल्याकडे भरपूर बोलले जाते. बोल्टाच्या आतल्या स्प्रिंगविषयी फारसे कोणी बोलत नाही.

फेब्रुवारीच्या अखेरीस मी वहीचा हिशेब पुन्हा मांडला. वलयाची साफसफाई दर दीडशे गोळ्यांनंतर, स्प्रिंग नवी, बोल्ट कोरडा. पुंजका पुन्हा गोल झाला होता. मार्चमध्ये साठ-साठ गोळ्यांचे चार सराव सामने झाले, एकही काडतूस राहिले नाही, आणि चाप ओढताना बोट थबकण्याची सवयही तिसऱ्या सामन्यापर्यंत गेली.

एप्रिलमध्ये एका सकाळी, एकेचाळिसाव्या गोळीला, पुन्हा ‘टक्’ झाले. मी नळी समोर ठेवली, हात वर केला, तीस सेकंद मोजले आणि बोल्ट उघडला. कडेवरची खाच खोल होती, काठ धारदार होते. अधिकाऱ्यांना विचारून ते काडतूस अर्धे फिरवून घातले. उडाले, आणि दहाच्या आत बसले. वहीत मी ‘कारखान्याचे’ एवढेच लिहिले आणि बेचाळिसावी भरली.